न भरलेला बार

नवापूरच्या डोंगरातल्या त्या घरात ठासणीची बंदूक एकच होती, आणि ती चालवणारं आता कोणी उरलं नाही असं सगळ्या पाड्याचं म्हणणं होतं. प्रिस्किलाचं म्हणणं वेगळं होतं, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

बंदूक तिच्या सासऱ्यांची. शेतराखणीचा परवाना इमॅन्युएल बाबांच्या नावावर. त्यांचा उजवा डोळा अठरा वर्षांपूर्वीच गेला होता, आणि यंदा डाव्यातही मोतीबिंदू उतरला. कचेरीतून निरोप आला : वारसाच्या नावावर करायची असेल तर वारसानं हत्यार चालवण्याचा दाखला आणावा, नाहीतर बंदूक जमा करावी. वारस म्हणजे दानियल, प्रिस्किलाचा नवरा. तो टेम्पोतून सुरतेला भाजी नेई. मोठा कष्टाळू माणूस, पण बार झाला की त्याच्या हातातलं असेल ते खाली पडे. लग्नाच्या वरातीत फटाक्यांच्या माळेला घाबरून तो मांडवातून बाहेर गेला होता, हे पाडा अजून विसरला नव्हता.

"मी नाही बाबा," तो सरळ म्हणाला. "मला वाघ सांगा, मी उभा राहीन. बंदूक नको."

"मग मी जाते," प्रिस्किला म्हणाली. "सूनही वारसच."

दानियलनं आधी तिच्याकडे, मग तिच्या मांडीवरच्या आठ महिन्यांच्या योहानकडे पाहिलं. "आणि हा?"

"हा पण येईल. त्याला कोणी गोळी मारायला सांगितलंय?"

डोंगरउतारावरचा दीड एकर भुईमूग दसऱ्यापर्यंत काढणीला येणार होता. रानडुकरांचा कळप एकदा वाफ्यात शिरला की सकाळी नुसती उकरलेली माती दिसते. डुक्कर मारायला जंगलखात्याचा वेगळा कागद लागतो; तो मिळेल तेव्हा मिळेल. पण माचावरून नुसता एक बार काढला, तरी कळप आठ दिवस तिकडे फिरकत नाही. बंदूक जमा झाली तर पत्र्याचे डबे बडवत बसायचं, आणि डब्यांना आता डुकरं भीत नव्हती.

म्हणून बाबांनी तिला शिकवायला घेतलं. दुपारी योहान झोळीत झोपला की अंगणात दोघं बसत. बाबांना दिसत नसे, पण बोटांना सगळं कळे. त्यांच्याकडे बंदुकीची दारू दोन जातींची होती : एक रव्यासारखी बारीक, एक बाजरीसारखी जाड. टोप्याही दोन जातींच्या. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी. ती नळीच्या बुडाशी असलेल्या, भोक पाडलेल्या बोंडावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की आतला जाळ भोकातून दारूपर्यंत जातो.

"जातो की नाही, हाच सगळा खेळ," बाबा म्हणत. "लहान टोपीचा जाळ लहान. बारीक दारू तेवढ्यावर पेट घेते. जाड दारूला मोठी टोपीच पाहिजे. नाहीतर आत नुसती धुमसत बसते."

ते तिला पारखही शिकवत. रिकाम्या बंदुकीच्या तोंडासमोर जमिनीवर चिमूटभर चुलीतली राख ठेवायची आणि नुसती टोपी फोडायची. राख किती उडाली, त्यावरून जाळाचा जोर कळतो. प्रिस्किला फट् फट् टोप्या फोडत राही आणि योहान झोपून राही. ती थांबली की मात्र तो डोळे उघडून पाही, जणू आईचं काम का थांबलं ते विचारतोय. कुठली टोपी कुठल्या दारूला, हे तिनं त्याच्या लसीच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलं. घरात तेवढाच कागद कधी हरवत नसे.

परीक्षेच्या दिवशी बाबा, ती आणि योहान असे तिघं पहाटेच्या गाडीनं जिल्ह्याच्या गावी पोचले. टेकडीच्या पायथ्याशी मैदान, समोर मातीचा उंच बांध, बांधासमोर पांढरा रंग दिलेले पत्रे. दोरीच्या अलीकडे सहा उमेदवार. पाच पुरुष आणि प्रिस्किला. बंदूक आपापली आणायची होती. टोप्या आणि दारू मात्र इथलीच वापरायची, घरची चालणार नाही, असं फळ्यावर लिहिलेलं.

शिकवणारे हवालदार इंद्रसिंग शहाद्याकडचे, मिशीला पीळ देणारे. त्यांनी यादी वाचली आणि मान वर केली.

"प्रिस्किला? ओ ताई, तुन्हा मालक कोठे शे?"

"सुरतेला गेलेत. परीक्षा माझी आहे."

"आनि हाऊ बारका?"

"तो पास आहे आधीच. त्याला आवाजाची भीती नाही."

दोघं-चौघं हसले. इंद्रसिंगही मिशीत हसले. तिनं योहानला बाबांच्या कडेवर दिलं आणि ओळीत शेवटी जाऊन उभी राहिली.

पहिल्या दोघांचे बार जरा अडखळून सुटले. तिसरा तापीकाठच्या ब्राह्मणपुरीचा चुडामण म्हणून शेतकरी होता. पांढरा सदरा, पायात नवे बूट. त्यानं चाप ओढला. टोपी फट् करून फुटली आणि पुढं काहीच झालं नाही. चुडामणनं गोंधळून बंदूक खाली केली, हवालदारांकडे वळायला लागला, आणि तेवढ्यात धडाड्कन बार सुटला. दोरीपुढची माती उखडून सगळ्यांच्या अंगावर आली.

मग कोणीतरी खी खी केलं आणि सगळेच हसायला लागले. चुडामणही हसला, पण त्याचं तोंड सदऱ्यासारखं पांढरं पडलं होतं.

"दारू सुस्तायेल शे आज," इंद्रसिंग म्हणाले. "चला, पुढचा!"

प्रिस्किला हसली नाही. मागं बाबाही हसले नाहीत. चौथ्याचा आणि पाचव्याचा बार कसाबसा सुटला. टोपी आणि बार यांच्यामध्ये एक श्वास घेता येईल एवढी फट पडत होती. बाबांनी प्रत्येक वेळी मान तिरकी करून ती फट ऐकली.

तिची पाळी आली. टेबलावर दारूचा डबा आणि टोप्यांची डबी होती. तिनं चिमूटभर दारू तळहातावर घेतली. बाजरीचे दाणे, आणि त्यातही पावसाळी ओल धरलेले. बोटाला चिकटत होते. टोपी उचलली. लहान.

"साहेब, ही टोपी ह्या दारूला पुरणार नाही."

"काय?"

"दारू जाड आहे, टोपी लहान आहे. एक तर बारीक दारू द्या, नाहीतर मोठी टोपी. हे दोन्ही एकमेकांचे नाहीत."

इंद्रसिंगांनी कमरेवर हात ठेवले. "आठे काय मसाला कुटी ऱ्हायना का आपन? हाई टोपी, हाई दारू. भर आनि उडाव. पाच जनस्नी उडावं, तुलेच काय व्हयी ऱ्हायनं?"

"पाचही जणांचे उशिरा सुटले. एकाचा तर जमिनीत गेला."

"तुले भेव वाटी ऱ्हायनं तं तसं सांग. पोरगं ले आनि घर जाय."

"भीती वाटत असती तर भरली असती," प्रिस्किला म्हणाली. "तुमच्या भीतीनं. मी भरणार नाही."

तिच्या आवाजात थोडा कंप होता, तो तिचा तिलाच ऐकू आला. पण शब्द बाहेर पडले होते आणि ते परत घ्यायची तिची इच्छा नव्हती.

मागून बाबांचा आवाज आला, घरच्या बोलीत, घाईघाईनं. "पोरी, साहेबाच्या तोंडाला लागू नको. ते म्हणतात तसं कर, कागद घे, आपण घरी जाऊ. एकदाच तर आहे."

ती वळली नाही. वळली असती तर ऐकलं असतं. तिनं बंदुकीच्या नळीत गज सोडला. तो टण्‌ करून थेट तळाला लागला; तिनं तो तसाच आत राहू दिला, नळी रिकामी आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून. मग बंदूक जमिनीवर बांधाच्या दिशेनं ठेवली, दोरीजवळच मांडी घातली आणि हात पुढं केले.

"बाबा, योहानला द्या. त्याची वेळ झाली."

पदराखाली घेतलं तसा योहान चुटूचुटू प्यायला लागला. एक हात त्यानं बाहेर काढला आणि आईचं मंगळसूत्र मुठीत धरलं. सगळ्या मैदानावर तेवढाच आवाज. इंद्रसिंगांना कुठं पाहावं ते कळेना; ते फळ्याकडे पाहायला लागले.

"उठ ताई. नापास लिखसू मी. पुढली परीक्षा सहा महिनानंतर. तवलोंग बंदूक जमा."

सहा महिने. भुईमुगाच्या शेंगा नुकत्या भरायला लागल्या होत्या. दानियलचं तोंड, पत्र्याचे डबे, उकरलेली माती, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तिनं योहानच्या टाळूवर हनुवटी टेकवली. टाळू गरम होती, घामानं ओली. हे डोकं रोज या बंदुकीच्या दहा हातांवर झोपतं, तिच्या मनात आलं.

"लिहा," ती म्हणाली. "पण कारणही लिहा. टोपी आणि दारू जुळत नव्हती म्हणून बाईनं भरली नाही. तेवढं लिहून द्या, मी अंगठा नाही, सही करते."

इंद्रसिंगांनी पेन उघडलं, आणि ते तसंच राहिलं. नापास लिहिणं सोपं होतं. कारण लिहिणं म्हणजे डबा कोणी निवडला ते लिहिणं.

बारांचे आवाज थांबले म्हणून कडेच्या तंबूतून मोठे साहेब बाहेर आले. काय चाललंय म्हणाले. इंद्रसिंग सांगायला लागले, की ही बाई हुकूम मानत नाही. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा दोरी चाचपत पुढं आले. आयुष्यात कधी कुठल्या साहेबासमोर ते आपणहून बोलले नव्हते. मराठी त्यांना नीट येत नसे, तरी ते मराठीतच बोलले.

"साहेब, हा डोळा बघा. डुकरानं नाही घेतला. मी गावात सांगितलं, डुकरानं घेतला, देवाची मर्जी. खोटं सांगितलं." त्यांनी गळा साफ केला. "दुकानदारानं लहान टोपी दिली. मला हातात घेताच कळलं. पण तो खुर्चीवर, मी उभा. तो म्हणाला चालतं, ने. मी नेली. टोपी फुटली, बार नाही. मी तोंड खाली नेऊन बघितलं. तेव्हा सुटला. बोंडातून जाळ आला, इथं." त्यांनी बोट लावून दाखवलं. "मला तेव्हा तिच्यासारखं बोलता आलं नाही."

प्रिस्किलानं हे पहिल्यांदाच ऐकलं. एवढ्या दुपारी अंगणात बसून त्यांनी राख उडवायला शिकवली, आणि ती कशासाठी, ते कधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी टोपी उचलून पाहिली. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "कशावरून जुळत नाही?"

"राख आहे का कुठं?" प्रिस्किलानं विचारलं.

चहाच्या चुलीतली राख आली. तिनं योहानला खांद्यावर टाकलं, गज काढला, चिमूटभर राख नळीच्या तोंडासमोर ठेवली आणि टेबलावरची टोपी फोडली. फट्. राख जागच्या जागी जरा हलली, एवढंच.

"एवढ्या फुंकरीनं ओली बाजरी पेटेल का, सांगा."

चुडामण इतका वेळ बूट पुशीत उभा होता. तो पुढं आला. "हवालदार, मन्हा बार बी उशिरा सुटना. मी हासनू, पन मन्हा पाय आजून थरथरी ऱ्हायनात. मन्हं बी नाव लिखा ताईना खाले."

"मन्हं बी," मागून आणखी एक जण म्हणाला.

साहेबांनी इंद्रसिंगांकडे पाहिलं. इंद्रसिंगांनी पेन बंद केलं, तंबूत गेले, आणि बऱ्याच वेळानं दुसरी डबी घेऊन आले. डबी टेबलावर जरा आपटूनच ठेवली. "हाई मोठली शे. आते तरी भरशी का?"

प्रिस्किलानं झाकण उघडून टोपी तळहातावर घेतली. पुन्हा चिमूटभर राख ठेवली. या वेळी राखेचा लोट उडून इंद्रसिंगांच्या बुटांवर बसला.

"आता भरते," ती म्हणाली. "आणि तो डबा उन्हात ठेवा. सगळ्यांसाठी सांगतेय."

उन्हात पसरलेली दारू सुकेपर्यंत तासभर गेला. योहान बाबांच्या मांडीवर झोपून गेला. मग तिनं दारू ओतली, गजानं ठासली, गोळी बसवली, टोपी चढवली, आणि बंदूक खांद्याला लावली. चाप आणि बार यांच्यामध्ये फट अशी उरलीच नाही. पत्र्याच्या कडेला भोक पडलं. मधोमध नाही, पण पत्र्यावर. बाबांनी आवाज ऐकून मान हलवली.

चुडामणनं आणि बाकीच्यांनी आपापले बार पुन्हा काढायला मागितले, आणि त्यांना ते द्यावे लागले. दाखल्यावर सही करताना इंद्रसिंग मान वर न करता म्हणाले, "ताई, नोकरीमा वीस वरीस व्हयनात मन्हे. आसं कोनी बसनं नव्हतं."

"कोणी बसलं नाही म्हणूनच तर," ती म्हणाली.

संध्याकाळी नवापूरच्या गाडीला गर्दी होती. बंदुकीची गुंडाळी पाहून कंडक्टरनं दारातच हात आडवा धरला. "काय आहे? बंदूक? कागद दाखवा. कोणाची आहे?" आणि त्यानं बाबांकडे हात केला.

बाबांनी पिशवीतून परवाना काढला, त्यावर आपलंच नाव आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो त्यांनी कंडक्टरला दिला आणि म्हणाले, "कागदावर माझी. पण बोलायचं ते तिच्याशी बोला."

कंडक्टरनं प्रिस्किलाकडे पाहिलं. तिनं झोपलेल्या योहानला डाव्या कडेवर घेतलं, कारण उजवा खांदा बंदुकीच्या धक्क्यानं ठणकत होता, आणि दाखला त्याच्या पुढ्यात धरला.

"नळी रिकामी आहे, टोपी चढवलेली नाही," ती म्हणाली. "वाचून घ्या आणि जागा द्या. आजोबांना खिडकीजवळची."