दांडी, मोठी मूठ, छोटी मूठ, सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. लगेच नाकं मुरडू नका. मी कांदे चिरणारी सुरी नव्हे, आणि फळं सोलणारी तर मुळीच नव्हे. माझी लांबी तुमच्या तळहाताएवढी. पातं आकड्यासारखं वाकलेलं आणि धार त्या वाकाच्या आत लपवलेली. माझ्या पाठीवरून खुशाल बोट फिरवा, ओरखडाही यायचा नाही. पण ताणलेली दोरी त्या आकड्यात अडकवून ओढलीत, तर दोरीचा निकाल लागलाच म्हणून समजा. उभ्या आयुष्यात मी तीनच घाव घातले. दोन समुद्रात घातले आणि एक शिवणयंत्रापाशी.

कारखान्यात एका यंत्राने मला पत्र्यातून ठोकून काढलं, दुसऱ्याने वाकवलं, तिसऱ्याने घासघास घासलं. मग एका बाईने मला उजेडात धरून पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणून खोक्यात टाकलं. माझं कौतुक काय ते तेवढंच झालं.

तिथून मी आले समुद्रकिनाऱ्यावर, मामाच्या दुकानात. मामा लोकांना काइटसर्फिंग शिकवायचा. पायाखाली एक फळी, डोक्यावर उंच एक भला मोठा पतंग. त्या पतंगाच्या चार दोऱ्या एका दांडीला बांधलेल्या आणि ती दांडी कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, आणि माणूस लाटांवरून सुसाट पळतो. दिसायला फार देखणं. पण पतंग बिघडला की तोच माणसाला दगडांवर आपटून मारू शकतो. म्हणून मी.

किनाऱ्यावरचे सगळेच त्याला मामा म्हणायचे, पण सख्खी भाची एकच. ती त्याच्याबरोबर शिकवायची, आणि माझी नेमणूक तिच्याच पट्ट्यावर झाली. खिसा शिवला मामीने. मागच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. फाटके पतंग ती तिथे दुरुस्त करायची. आधी खिसा उजव्या बाजूला होता. मामाने पाहिला आणि त्याचा पारा चढला.

"उजवा हात अडकला तर काय दाताने काढणार आहे ही? मधोमध लाव. दोन्ही हात पोचले पाहिजेत!"

"मामा, पोटावर पिशवी? कांगारू दिसेन मी!"

"दिस. जिवंत कांगारू चालेल मला."

रोज पाण्यात उतरण्याआधी मामा सगळ्यांना रांगेत उभं करून घोकून घ्यायचा. दांडी, मोठी मूठ, छोटी मूठ, सुरी! म्हणजे संकट आलं की आधी दांडी सोडायची. तरी पतंग ओढतच राहिला, तर कमरेची मोठी मूठ ढकलायची. मग पतंग बाजूच्या एकाच दोरीवर निपचित पडतो. तरी भागलं नाही, तर छोटी मूठ ओढून ती दोरीही सोडायची, की पतंग गेला. आणि अंगाला दोरी गुंडाळली असेल, तर मी. भाची हे सगळं गाण्याच्या चालीवर, तोंड वेंगाडून म्हणायची. मला भारी राग यायचा तिचा.

एकदा तर ती मला घेऊन खोकं फोडायला निघाली होती. मामाने मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं. "अगं, हिची धार खोक्यांवर घालवायची आहे का तुला?" तोच रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्याने धुवायचा, खिशातून चारदा आतबाहेर करायचा, कारण मिठाने सुरी खिशातच अडकून बसते. बाकी माझ्याकडे ढुंकूनही कोणी पाहायचं नाही. वर्षं अशीच गेली.

मग आला नारिंगी. गिऱ्हाईक नसतं तो सबंध हंगाम खपून मामीने भाचीसाठी शिवलेला पतंग. प्रत्येक शिवण दुहेरी, कडेला पांढरी किनार. मामीने आयुष्यभर दुसऱ्यांचे पतंग सांधले होते, पण आख्खा नवा असा हा पहिलाच. आल्यागेल्याला ती तो उलगडून दाखवायची. भाची तर त्याला अंगाखाली घेऊन झोपायची तेवढी बाकी होती. मी जळत होते, खोटं कशाला बोलू?

नंतर कित्येक दिवस वाराच नव्हता. आला तो लाटांना सोबत घेऊनच आला. मामा दारात उभा राहून बघत होता.

"आज नाही. लाटा आपल्या छपराएवढ्या आहेत, आणि वारा दगडांकडे लोटतोय."

"एकच फेरी, मामा! मामीने एवढा शिवलाय, एकदा तरी भिजू दे."

मामाने मामीकडे पाहिलं. तिचेही डोळे पतंगावरच होते.

"एकच," मामा म्हणाला. "आणि पतंग लाटेत पडला तर?"

"दांडी, मोठी मूठ, छोटी मूठ, सुरी."

"आणि पतंग?"

"गेला खड्ड्यात!"

"तोंडाने म्हणतेस," मामा पुटपुटला, आणि बुडणाऱ्याला धरायला देतात तो तरंगता ठोकळा काखेत मारून तो पाण्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला.

पहिल्या दोन लाटा तिने झकास पार केल्या. तिसरी उंच होती. तिच्या आडोशाला वाराच तुटला. दोऱ्या सैल पडल्या आणि नारिंगी वरून दगडासारखा फेसात कोसळला. मित्रांनो, तेव्हा वेळ होता! दांडी सोडून मूठ ढकलायची, बस्स. पण भाचीने दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली. "नको, नको, फाटेल तो!" ती ओरडली. ती पतंगाला पुन्हा उठवायला बघत होती. मी पोटावरच्या खिशात जीव तोडून ओरडत होते, पण सुरीचं कोण ऐकतं?

मागची लाट तिच्या डोक्यावर फुटली. वर काय, खाली काय, काही कळेना. लाटेने तिला पिळलं, आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. सैल दोऱ्या तिच्याभोवती फिरल्या. एकीने उजव्या मनगटाला वेढा घातला, दुसरीने मांडीला. दांडी कधीच सुटली होती. मग लाटेने पतंग उचलला, त्यात पाणी भरलं, आणि दोऱ्या ताणल्या गेल्या.

असा हिसका मी कधी सोसला नव्हता. तिचा खांदा कटकन वाजला. ती दोरी दिसायला बारीक, पण सुटता सुटेना; मनगटाच्या मांसात रुतली आणि फेस लाल झाला. नारिंगी तिला पाण्याखालून ओढत दगडांकडे निघाला. तिचं शिरस्त्राण एका दगडावर आदळून तडकलं. तोंड वर आलं की ती श्वास ओढायची, आणि श्वासाऐवजी आत फेस जायचा. एका दगडाने तिच्या पाठीची कातडी सोलून काढली.

तेव्हा तिचा डावा हात हलला. त्याने मोठी मूठ शोधली आणि ढकलली. पतंग ओढतच होता. छोटी मूठ खेचली. ती दोरीही सुटली, पण वेढे सुटले नाहीत. काठावर मामा छाती फुटेस्तोवर ओरडत होता, "सुरी! सुरी!" तिला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ज्या गाण्याची तिने इतकी टिंगल केली होती, त्याचा शेवटचा शब्द तिच्या हाताला पाठ होता.

डावा हात पोटावर आला. कांगारूच्या पिशवीत. बोटं बधिर झाली होती, पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा त्यांनी मला धरलं, आणि मी अडकले नाही, सर्रकन बाहेर आले. मनगटावरची दोरी माझ्या आकड्यात शिरली. तिने ओढलं. टण्‌! मग मांडीवरची. टण्‌!

हे माझे पहिले दोन घाव. नारिंगी मोकळा झाला, दगडांवर जाऊन आदळला आणि उभा-आडवा फाटला. तो आवाज मी ऐकला. ज्याच्यावर मी जळत होते त्याला मीच मारलं होतं, आणि मला जराही आनंद झाला नाही.

तिचं जाकीट तिला तरंगवत होतं, पण लाटा दगडांकडेच रेटत होत्या. मामा ठोकळा घेऊन घुसला. लाटेने दोघांनाही दगडांवर घासलं, शिंपल्यांनी मामाचे गुडघे सोलले, पण त्याने तिच्या पट्ट्याची पकड सोडली नाही. शेवटी ती दोघं वाळूवर येऊन पडली. मी अजून तिच्या मुठीत होते. बोटं एकेक करून उलगडावी लागली.

मामी धावत आली. भाचीने खोकत खोकत पाणी ओकलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"मामी, तुझा पतंग..."

मामीने खाडकन तिच्या कानाखाली वाजवली. मग तिला छातीशी घेऊन ती हमसून हमसून रडली. "पुन्हा पतंगाचं नाव काढलंस तर आणखी एक देईन," ती म्हणत होती आणि तिचा हात भाचीच्या केसांतून थांबतच नव्हता.

भाची बरी झाली, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. माझ्या पात्याला मुळाशी गंज चढला, तेव्हा मामाने त्या खिशात नवी सुरी घातली आणि मला मामीच्या ड्रॉवरमध्ये पेन्शनीवर पाठवलं.

तिथे माझा तिसरा घाव झाला. मामीने दुसरा पतंग शिवला, निळा, नारिंगीपेक्षाही देखणा. भाचीचे डोळे त्याच्यावरून हलेनात. मामीने ते पाहिलं, ड्रॉवर उघडला, मला काढलं आणि त्या कोऱ्या करकरीत पतंगाच्या मधोमध फर्रकन चीर पाडली. भाची किंचाळली. मामीने शांतपणे खाकी रंगाचं एक भलंथोरलं ठिगळ घेतलं आणि दुहेरी शिवणीने असं पक्कं बसवलं की ताकद तसूभरही कमी झाली नाही. रूप मात्र पार गेलं.

"आता हा गेला तर कोणी रडायचं नाही," मामी म्हणाली आणि दोरा तोडला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला गोड्या पाण्याने धुवा, माझी धार खोक्यांवर घालवू नका, आणि मला अशा जागी ठेवा जिथे दोन्ही हात पोचतील. वस्तू जपा, जरूर जपा. पण जिवावर बेतलं की पहिली ती सोडा.

परवा पुन्हा छपराएवढ्या लाटा होत्या. ठिगळवाला निळा फेसात पडला, आणि मागची लाट फुटायच्या आत भाचीने दांडी सोडली, मोठी मूठ ढकलली, छोटी मूठ ओढली. पतंग कुठच्या कुठे वाहून गेला. ती पोहत काठाला आली, रिकाम्या हातांनी, जरा ओशाळून.

मामी दारातच उभी होती. ती म्हणाली, "शाबास गं माझी बाई."