गोधडीची पहिली धाव

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. ‘एक’ म्हणतानाही मला अवघडल्यासारखे होते, कारण माझे इंजिन पाव पोहोचवणाऱ्या एका व्हॅनचे, दारे दुसऱ्याच मोटारीची, आणि मागची चाके फिरवणारा दांडा, म्हणजे एक्सेल, तिसऱ्याच कुणाचा. भंगारवाल्याकडे आम्ही शेजारी शेजारी पडून होतो, एवढेच आमचे नाते. माझी गोष्ट सांगते, पण मध्ये थांबवू नका. एकदा बंद पडले की मी लवकर सुरू होत नाही.

मला बनवले एका वेल्डरने. खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दरवाजे करणे हा त्याचा धंदा. घरामागे पत्र्याची शेड होती. अर्ध्या शेडमध्ये त्याचे काम चाले, उरलेल्या अर्ध्यात त्याच्या बायकोचे शिलाई मशीन. ती गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवत असे. ठिणग्या कापडावर येऊ नयेत म्हणून मध्ये एक पत्रा उभा केला होता, आणि त्या पत्र्यावरून दोघांचे बोलणे दिवसभर इकडून तिकडे जात असे. त्यात भांडणही आले.

जुन्या मोटारीचे छप्पर कापायचे, जड तेवढे काढून टाकायचे, ताकदीचे इंजिन बसवायचे आणि ती वाऱ्यासारखी पळवायची, असे वेड काही माणसांना असते. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. वेल्डरला हे वेड तरुणपणी लागले आणि संसारात मागे पडले. मग एके दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितले, की नजर कडेकडून जात चालली आहे, गेली ती परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. त्याच्या वडिलांचेही तसेच झाले होते. घरी येऊन तो बायकोला एवढेच म्हणाला, “मला एकदा ती गाडी चालवायची आहे. दिसतंय तोवर.”

“मग बसलात काय? लागा कामाला,” ती म्हणाली आणि पत्र्याआड गेली. त्या दुपारी मशीनचा आवाज मात्र आला नाही.

मित्रांनो, घडणे हे काही सुखाचे काम नसते. मला कापले, ठोकले, तापवले, जोडले, पुन्हा कापले. शेजारचा रंगारी रोज डोकावून जाई आणि विचारी, “ही गाडी आहे की भांड्यांचं कपाट?” वेल्डरच्या बायकोने माझी ठिगळे पाहून माझे नाव गोधडी ठेवले. मला ठेवलेल्या नावांत एवढे एकच मायेचे होते, म्हणून मी तेच धरून बसले.

एक्सेल बसवायचा दिवस मला अजून आठवतो. वेल्डर माझ्याखाली पाठीवर पडला होता आणि बायको दिवा धरून होती. एक्सेल ज्यांवर गाडीला बसतो ते त्याचे जुने पाय त्याने कापून टाकले होते आणि नवे जोडत होता. तेवढ्यात ती म्हणाली, “अहो, ह्याचं तेल घालायचं तोंड वर होतं ना? आता खाली आलंय.”

“तू कापडाचं उलटंसुलटं बघ,” तो खालून म्हणाला. “लोखंडाला उलटी बाजू नसते.”

तिने दिवा आणखी जवळ धरला. दिवा धरणाऱ्याने फार बोलू नये, असा त्या शेडचा रिवाज होता.

पुढे पहिल्या धावेचा दिवस उजाडला. शेडच्या मागे एका बंद कारखान्याचे मोठे पटांगण होते. एका अंगाला उंच धुरांडे, दुसऱ्या अंगाला झाडांची रांग. वेल्डर, त्याची बायको आणि रंगारी अशा तिघांनी मला ढकलत तिथे नेले. वेल्डर आत बसला. त्याने अंगात धुतलेला सदरा घातला होता. मी सुरू झाले. पावाच्या व्हॅनमध्ये दबून राहिलेले इंजिन असे गरजले, की झाडांवरचे पक्षी उठले. त्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, पाय हळूच उचलला. आणि मी मागे गेले.

“अरे, पुढे घे ना,” मागे उभा असलेला रंगारी बाजूला उडी मारत ओरडला.

“पुढचाच आहे.”

दुसरा गिअर टाकला. मी आणखी जोरात मागे गेले. शेवटी त्याने रिव्हर्स टाकला, तेव्हा मी म्हातारीसारखी खुरडत पुढे आले. एक्सेल वरचा खाली असा उलटा बसला होता, म्हणून चाकेही उलटी फिरत होती. माझ्याकडे मागे जायला चार गिअर होते आणि पुढे यायला एकच.

रंगारी म्हणाला, “भुताचे पाय उलटे असतात हे ऐकलं होतं. चाकंही असतात हे आज पाहिलं.”

वेल्डरने मला बंद केले. स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत. “हे सगळं कापून परत बसवायचं म्हणजे दोन-तीन महिने,” तो हळू म्हणाला. “तोवर मला...” समोर पाहायचे असले तरी आता त्याला मान वळवून वळवून शोधावे लागे, हे मला ठाऊक होते. नळीतून पाहावे तेवढेच त्याला उरले होते.

बायको आली, शेजारच्या सीटवर गुडघे टेकून उलटी बसली आणि सीटच्या पाठीवर कोपरे ठेवून मागे पाहू लागली. “चला,” ती म्हणाली.

“कुठं?”

“गाडी जाईल तिकडे.”

“मला मागचं दिसत नाही गं.”

“पुढचं तरी कुठं धड दिसतंय? मी बघते, तुम्ही फिरवा. लोखंडाला उलटी बाजू नसते म्हणालात ना?”

मी निघाले. ती म्हणाली, “डावीकडे घ्या.” त्याने घेतले. “अहो, डावीकडे.” “तुझं डावं की माझं?” एवढ्यात रंगाऱ्याची बादली माझ्याखाली गेली. तेव्हा तिने डावे-उजवे सोडून दिले. ते पटांगण त्याला लहानपणापासून पाठ होते. ती म्हणू लागली, “धुरांड्याकडे. हां. आता झाडांकडे. थोडं अजून झाडांकडे.”

तिसरा गिअर पडला, मग चौथा. मित्रांनो, मागे पळताना स्टिअरिंग मासोळीसारखे सुळसुळते, पण त्याच्या हातांनी ते धरून ठेवले. जमीन माझ्याखालून फरफर निघून गेली. वारा पाठीमागून आला आणि त्याचे केस कपाळावर लोटू लागला. माझे ठिगळन् ठिगळ खडखडत होते, पण एकही सुटले नाही. जन्मभर पावांच्या बेताने चाललेले माझे इंजिन त्या दिवशी पोटभर धावले. त्याने डोळे मिटले होते. मी ते पाहिले, तिने पाहिले नाही.

“थांबायचं का?” त्याने विचारले.

“पेट्रोल आहे तोवर नको,” ती म्हणाली. “धुरांड्याकडे घ्या.”

नंतर एक्सेल सरळ झाला, पण तो तिने केला. त्याने तिचा हात धरून वेल्डिंग शिकवले. नजर गेली तरी जोड बरोबर बसतो की नाही ते त्याला आवाजावरून कळत असे. सरावासाठी तिने आधी माझ्या दाराजवळ घातलेला जोडाचा टाका वाकडा आहे, पण माझ्या अंगावरचा सर्वांत पक्का तोच. मग कितीतरी वर्षे ती मला चालवत राहिली. कव्हरांचे गठ्ठे मागे, नवरा शेजारी. रस्त्यात लोक थांबून विचारत, कोणी बनवली? तो म्हणे, “मी बनवली, हिने सुलटी केली.” रंगाऱ्याने मला स्वतःहून लाल रंग दिला. ते माझे चांगले दिवस.

आता मी थकले आहे. तिचे गुडघेही थकले. त्यांच्या मुलीने येऊन बजावले, “आई, आता ही गाडी चालवायची नाही.” जावयाने माझ्या मापाचे जाड आवरण आणले आणि चारही बाजूंनी दोऱ्या आवळल्या. माया करूनच आवळल्या. पण आवरणाखाली ओल धरते, रबर तडकते, सीटमध्ये उंदरांचा संसार सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, किती जपली आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी जुने असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला नुसते झाकून ठेवू नका. अधूनमधून सुरू करून बघा. आवाज खराब येईल, धूर येईल, पण सुरू करा.

माझ्यापुरते म्हणाल तर अजून अगदीच अंधार नाही. रोज सकाळी वेल्डर भिंत धरत शेडमध्ये येतो. दोरी सोडतो, बोटांनी माझ्या अंगावरचा तो वाकडा टाका शोधतो आणि त्यावरून दाराची मूठ. आत बसतो, स्टिअरिंग धरतो. मी बंदच असते. पत्र्यापलीकडे तिचे मशीन चालू असते.

“कुठं घेऊ?” तो विचारतो.

मशीन थांबत नाही. ती कापडावरून मान वर काढत नाही.

“झाडांकडे,” ती म्हणते. “थोडं अजून झाडांकडे.”