विमलबाईंची सवत

उत्तमरावांनी बैलजोडी विकून फटफटी घरी आणली, त्या दिवसापासून विमलबाईंनी तिचं नाव 'सवत' ठेवलं. पासष्ट-सहासष्टचं साल असेल. धामणगाव बढ्यात तेव्हा मोटारसायकल म्हणजे एक डॉक्टरांची आणि एक उत्तमरावांची. डॉक्टरांची कामाची होती. उत्तमरावांची कशाची होती, हे विमलबाई विचारत आणि उत्तमराव सांगू शकत नसत.

घरात दोन बैलजोड्या होत्या. त्यातली लाल्या-चांद्याची जोडी गेली आणि गोठ्यात त्यांच्या खुंट्याजवळ ही जुनी, हिरव्या टाकीची फटफटी उभी राहिली. शेजारची दुसरी जोडी माशा वारताना तिच्या टाकीवर शेपट्यांचे फटकारे ओढायची. उत्तमराव सकाळी उठून आधी तिला पुसायचे, मग तोंड धुवायचे. डाव्या अंगाला साखळीचा लोखंडी डबा होता. त्याची चकती फिरवून ते कौतुकानं आत तेल ओतत. विमलबाई चुलीजवळून म्हणायच्या, "सवतीचं चहापानी झालं असन, तं घरातल्या बाईनं केलेला चहा घ्या आता."

एवढं चालायचं. माणूस सवयीनं सगळं ऐकून घेतो. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी राजूर घाटात जे झालं, ते काही ऐकून सोडण्यासारखं नव्हतं.

विमलबाईंचं माहेर बुलढाण्याचं. धामणगावहून मोताळा आणि मोताळ्याहून घाट चढून वर जायचं. सपाटीला गाडी बरी पळाली. मागे विमलबाई, दोघांच्या मध्ये कापडी पिशवी. नवऱ्याला टेकून बसायचं म्हणजे गावाला विषय, म्हणून ही पिशवी कायमची मध्ये असायची. घाट लागला, पहिलं मोठं वळण आलं, आणि फटफटीनं अंग टाकलं. इंजीन बोंबलत होतं, धूर निघत होता, पण चाकाला त्याचा पत्ताच नव्हता. उत्तमराव मूठ पिळत होते तसा आवाज वाढत होता आणि वेग कमी होत होता.

"उतरू का?" विमलबाईंनी विचारलं.

"थांब, चढते."

"तुमी मूठ पिळून राह्यले, का तिची समजूत काढून राह्यले?"

शेवटी त्या उतरल्या आणि चालू लागल्या. उत्तमराव गाडी ढकलत मागे. तेवढ्यात खालून त्यांचा मेहुणा हिंमतराव बैलगाडी घेऊन आला. मोताळ्याहून ढेपेची पोती भरून निघाला होता. त्यानं बहिणीला पोत्यांवर बसवलं आणि उत्तमरावांकडे बघून अगदी आदरानं विचारलं, "दाजी, दोर बांधू काय मागं?"

उत्तमरावांनी नाही म्हटलं. घामाघूम होऊन ते सासुरवाडीच्या दारात पोहोचले, तेव्हा बैलांनी कडबा खाल्ला होता आणि सासऱ्यांची सगळी ओसरी वाट बघत बसली होती. तिथं, सगळ्यांसमोर, विमलबाई म्हणाल्या, "महालक्ष्म्यांले मी येनार हावो. तुमच्या याच सवतीवर बसून येईन. घाटात मले एक डाव जरी उतरा लागलं, तं बाजारात हिले विकाची आन बैलजोडी आनाची. कबूल?"

ओसरीवर एवढी माणसं होती की उत्तमरावांना दुसरं काही बोलता येईना. "कबूल," ते म्हणाले. त्या फटफटीवर त्यांचा जीव होता. का होता ते सांगता येत नव्हतं, पण होता.

आता या गावात तिचं दुखणं ओळखणारा एकच, कय्यूम. डिझेल इंजिनं, सायकली, गिरणीचे पट्टे, जे फिरतं ते सगळं तो दुरुस्त करायचा, आणि गिऱ्हाइकाची थट्टा फुकटात करायचा. त्यानं गाडी ऐकली, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "उत्तमभाऊ, क्लच घसरून राह्यला. इंजीन आपलं फिरते, पन चाकापर्यंत काई पोचतच नाई."

"काऊन पन?"

"तुमचा डावा हात दाखवा." उत्तमरावांनी दाखवला. "क्लच दाबून धरता ना सारखा? अर्धा दाबलेला, अर्धा सोडलेला. हो का नाई?"

उत्तमराव चपापले. खरं होतं. बोटं त्या दांडीवरून उचलायचा त्यांना धीरच होत नसे.

"तो कासरा नोहे भाऊ. बैल हाकलून हाकलून हात तसा झाला तुमचा. अर्धा क्लच धरसान तं आतल्या प्लेटा जळतीनच."

कय्यूमनं आधी केबल सैल केली. दांडीला जरा मोकळीक ठेवली. उत्तमराव मोताळ्याच्या वाटेवरच्या चढावर जाऊन आले. फटफटी पुन्हा तशीच बोंबलली. मग कय्यूमनं जाहीर केलं की प्लेटा गेल्या आणि नव्या टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. कंपनीचा माल मिळणं अवघड होतं. मलकापूरला स्टेशनाजवळच्या दुकानात 'लोकल' प्लेटा मिळायच्या. कुठल्याशा कारखान्यात कोणी अंदाजानं कापलेल्या, पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलेल्या, डब्यावर सिंहाचं चित्र. दुकानदारानं शपथेवर सांगितलं की अस्सलपेक्षा या भारी. उत्तमरावांनी विश्वास ठेवला, कारण दुसरा उपाय नव्हता.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सकाळी कय्यूमनं साखळीचा डबा उघडायला घेतला; क्लच त्याच्याच पोटात होता. खाली पसरट परात ठेवली होती, तेल उतरायला. आटे सुटले, झाकण निघालं, आणि दोघं वाकून बघतच राहिले.

तेल उतरलंच नाही. आत पिवळंधमक, रवाळ काहीतरी साखळीला चिकटून बसलं होतं. कय्यूमनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मग जमिनीवर मांडी घालून नीट बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "हे तूप हाय."

"कायचं?"

"घरचं. लोनकढं. आन हे पिवळं पाहा, हळद हाय. मी आतापस्तोर लय गाड्या खोलल्या, पन कोन्या गाडीले शिऱ्याचा नैवेद्य दाखवलेला नाई पाह्यला."

झाकणाच्या आतल्या कडेला हिरव्या पानाचा तुकडा अडकला होता. कय्यूमनं तो दोन बोटांत धरून उजेडात नेला. पळसाचं पान. आता या मुलखात तूप, हळद आणि पळसाचं पान एका जागी कधी येतं हे सांगायला पंडित लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप चोळतात, शेकतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. कय्यूमचं सगळं आयुष्य या गावात गेलं होतं. त्यालाही ते पाठ होतं.

उत्तमरावांना ती संध्याकाळ आठवली. उरलेल्या जोडीची खांदशेकणी त्यांनी स्वतः केली होती. हातपाय धुऊन ते पारावर निघाले, तेव्हा विमलबाई हातात वाटी घेऊन गोठ्याकडे चालल्या होत्या. "आता काय?" त्यांनी विचारलं होतं. "उरलं जरासं तूप," असं म्हणून त्या मान वळवून गेल्या होत्या. लाल्या-चांद्याची आठवण येत असेल, रिकाम्या खुंट्याशी जरा उभी राहील, असं त्यांना वाटलं होतं. पण खुंटा रिकामा कुठं होता.

तिला खांदा नाही. मग बाईनं काय केलं असेल, तर पळसाच्या पानाचा द्रोण केला असेल आणि नवरा रोज जिथं तेल पाजतो, तिथं वाटीभर तूप ओतलं असेल. दिवसरात्र जिला सवत म्हणून टोचते, तिला. आणि आवतन दिलं असेल का? दिलंच असणार. अर्धवट काही करायचा तिचा स्वभाव नाही.

उत्तमरावांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. कय्यूमनं पान्हे शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

"मंग माह्या हाताचा दोष नाई म्हन," थोड्या वेळानं उत्तमराव म्हणाले.

"हाताचा बी हायच. पन तूप त्याहून भारी पडलं." कय्यूम हसला. "भाभीले सांगसान?"

वर्षभर खाल्लेल्या टोमण्यांची परतफेड अशी आयती हातात आली होती. ओसरीभर माणसांसमोर एक वाक्य, की झालं. उत्तमरावांच्या जिभेवर ते वाक्य सकाळपासून दुपारपर्यंत फिरत होतं.

काम काही सोपं नव्हतं. जुन्या प्लेटांवर बसवलेल्या बुचाच्या तुकड्यांत तूप पुरतं मुरलं होतं, त्या टाकूनच द्याव्या लागल्या. बाकी सगळं रॉकेलनं धुतलं, मग पेट्रोलनं. लोखंडी चकत्या पॉलिश पेपरवर घासून खरखरीत केल्या. नव्या प्लेटा तेलात भिजवून ठेवल्या. मग कळलं की सिंहछाप प्लेटांचे कान मोठे आहेत, खाचेत शिरत नाहीत. कय्यूमनं दुकानदाराच्या सात पिढ्यांची विचारपूस करत एकेक कान कानसीनं घासला. त्या बसल्या, झाकण लागलं, गाडी चालू झाली. उत्तमरावांनी क्लच दाबून गिअर टाकला, आणि फटफटी क्लच दाबलेला असतानाच उडी मारून कय्यूमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली.

"आता घसरत नाई," उत्तमराव खुराड्यातून म्हणाले.

"आता सुटत बी नाई," कय्यूम म्हणाला. "जाड हायेत प्लेटा साल्या. खोला पुन्हा."

पुन्हा खोललं. प्लेटा फरशीच्या दगडावर घासून पातळ केल्या, स्प्रिंगांचे आटे सारखे आवळले, केबलला मोकळीक दिली. दिवस कलता कलता उत्तमराव चढावर जाऊन आले. या वेळी आवाजाबरोबर गाडीही वर गेली. कय्यूमनं त्यांच्या डाव्या मुठीवर टिचकी मारली आणि सांगितलं, "घाटात ही बोटं उचलून ठेवा. कासरा नोहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई नवं लुगडं नेसून निघाल्या. पिशवीत त्यांनी चपलांचा जास्तीचा जोड वर दिसेल असा ठेवला होता. "चालाले बरा," म्हणाल्या. पिशवी मध्ये ठेवली आणि बसल्या.

मोताळा मागं पडलं. घाट लागला. पहिलं वळण आलं तसे विमलबाईंनी पाय सावरले, उतरायच्या तयारीनं. उत्तमरावांनी डाव्या हाताची बोटं उचलली. त्यांना बाजार दिसत होता, हिरव्या टाकीभोवतीची गिऱ्हाइकं दिसत होती. फटफटी जरा दमली, मग घोगऱ्या आवाजात वळण चढली. दुसरंही चढली. विमलबाई गप्प आहेत, हे उत्तमरावांना चढापेक्षा अवघड वाटत होतं.

वर सपाटीला त्यांनी एका झाडाखाली गाडी थांबवली, इंजीन निवायला. विमलबाई स्वतःच्या मर्जीनं उतरल्या. खाली घाटाकडे बघितलं, मग फटफटीकडे.

"चढली म्हना," त्या म्हणाल्या. आवाजात हरल्याची नाराजी कुठंच नव्हती, उलट गाडी चढल्याचं समाधान होतं, हे उत्तमरावांच्या आत्ता ध्यानात आलं. "काय दुखत होतं तिचं?"

वाक्य जिभेवर तयारच होतं. पण उत्तमरावांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यातलं टोक गेलं.

"खांदा," ते म्हणाले.

विमलबाईंनी पदर पुढे ओढला. बराच वेळ त्या टाकीवर नसलेली धूळ पुसत राहिल्या.

"त्यायच्या जागी बांधली ना तुमी तिले," शेवटी त्या म्हणाल्या. "मंग त्या जागेचा मान कोनाले द्याचा? सवत झाली म्हून उपाशी ठेवाची काय?"

"मी कुठं काई म्हनलं?"

"म्हनू बी नका. हिंमतले तं नाईच सांगाचं."

"नाई सांगत."

त्यांनी पिशवी उचलली आणि या खेपेला मांडीवर घेतली. बुलढाण्याची पहिली घरं अजून दूर होती. गाडी सुरू झाली तसा विमलबाईंचा हात नवऱ्याच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला.

"येत्या पोळ्याले," त्या कानाशी म्हणाल्या, "वरूनच लावीन."