धार काढून येतो

कृष्णकांतरावांना खून फार आवडायचे. गैरसमज नको, माणूस मुंगीलाही वळसा घालून जाणारा! पण तीस वर्षं नागपूरच्या कोर्टात जुन्या फायली सांभाळल्या आणि निवृत्तीनंतर शहरातल्या खुनांचा न् शिक्षांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हापासून घरात वरणभातासोबत फाशीही वाढली जाऊ लागली. बारशाला गेले तरी तेच. म्हणून भजनाच्या बायका येणार त्या दिवशी बायकोनं, सुमतीबाईंनी बजावलं, "आज एकही मुडदा बाहेर काढायचा नाही."

कसलं काय! चहा आला आणि यांनी आपला हातखंडा किस्सा काढला. एकोणीसशे पन्नास सालचा सक्करदऱ्याचा गवळी, धोंडबा. दुसरा एक गवळी दुधात पाणी घालतोस म्हणाला म्हणून यानं त्याच्या डोक्यात काठी घातली, तो जागीच गेला. हवालदार पकडायला आला, तर हा म्हणतो, "थांबा साहेब, गाईची धार काढून येतो." हवालदार थांबला, वर पेलाभर दूधही प्यायला!

बायका खदखदून हसल्या. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या यमुताई तेवढ्या हसल्या नाहीत.

"गाय नाही गा भाऊ, म्हैस होती," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी धार काढून राहिला होता. मी सात वर्साची होती. तो माहा बाप. मंग काय झालं त्याचं? आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही मले. फाशी देल्ली काय?"

कृष्णकांतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसू आलं तिथंच त्यांनी ती फाईल मिटली होती. पुढचं पान कधी उलटलंच नव्हतं.

"बोला की आता," सुमतीबाई हळूच म्हणाल्या.

"उद्या सांगतो," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ती फाईल पुन्हा काढून ते थेट यमुताईंकडे गेले. "फाशी नाही, जन्मठेप झाली. शिक्षेच्या अकराव्या वर्षी तुरुंगातच तापानं गेले." मग त्यांनी धोंडबानं तुरुंगातून केलेल्या अर्जाची नक्कल पुढे केली आणि वाचून दाखवली. 'पोरीला दूध मिळते का, कळवावे.' खाली साहेबाचा शेरा होता, 'दप्तरी दाखल.' उत्तर कोणी दिलंच नव्हतं.

यमुताईंनी पदरानं डोळे पुसले. "म्हैस तं आईनं त्याच महिन्यात इकली होती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कृष्णकांतरावांच्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवलं. "पण लिहा गा भाऊ. मिळते म्हणाव. रोज पेलाभर."

उभ्या नोकरीत कागदावर एक खोटं अक्षर न लिहिलेल्या माणसानं पेन काढलं आणि त्या शेऱ्याखाली लिहिलं.