हातचं राखून केलेली दुरुस्ती

बायकोचा फोन आला की त्याला बरं वाटायचं. बायको म्हणजे आता कायद्याने बायको नव्हे. पण दुसरा शब्द त्याच्या तोंडात अजून बसला नव्हता. "कॉम्प्युटर पुन्हा सुरू होत नाहीये," एवढंच ती म्हणाली, आणि कॉलेजच्या लॅबमधली दुरुस्तीची कामं तशीच टाकून हा गडी निघालासुद्धा.

"आत यायला हरकत नाही," दार उघडत ती म्हणाली. वेगळे झाल्यापासून ती अशीच बोलायची. 'तू' म्हणायला जीभ वळत नव्हती, 'तुम्ही' अगदीच परकं वाटायचं, म्हणून तिने दोन्हींना फाटा दिला होता.

खिडकीजवळच्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच तक्रार. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती टाकली की हे ठरलेलं. बूटलोडर, म्हणजे बटण दाबल्यावर सिस्टीमला उठवणारा प्रोग्रॅम, या हट्टी यंत्राला एकाच जागी शोधायची सवय. आणि अपग्रेड नवा बूटलोडर ठेवणार भलतीकडेच. मग यंत्र जुन्यालाच हाक मारायचं आणि जुन्याला नवी सिस्टीम ओळखू यायची नाही. यावर उपाय दोन. नवा बूटलोडर हाताने योग्य जागी नेऊन ठेवायचा. पुढच्या अपग्रेडपर्यंत चिंता मिटली. किंवा सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची, म्हणजे अपग्रेड दरवेळी आपणहून दोन्ही जागी तो ठेवतं. मग कधीच कुणाला बोलवायला नको.

तो अर्थातच पहिला उपाय करत आला होता. लॅबमध्ये कुणी असं हातचं राखून काम केलं असतं तर त्याने सालटी काढली असती. इथे मात्र हे महाशय अर्धवट दुरुस्ती करायचे, वर चहा प्यायचे आणि जिना उतरताना पुढच्या अपग्रेडची वाट बघायला लागायचे. लेक, बिट्टी, रविवारी त्याच्या खोलीवर यायचीच. पण घर ते घर.

"चहा होईल का?" त्याने खुशीत विचारलं.

"आज नको." तिचे डोळे सुजलेले होते. "पुस्तक गेलं माझं."

शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम ती घरून करायची. "काल पानं द्यायची होती. हे उघडेचना. प्रकाशकांनी काम दुसरीला दिलं, आता पुढचीही सगळी तिलाच."

"मग कालच नाही का कळवायचं?"

"दरवेळी कुठे त्रास द्यायचा? माझी मीच खटपट करत बसले."

ती आत गेली. ती चिडली असती, ताडताड बोलली असती तर त्याने सोसलं असतं. पण तिला तो अजूनही धावून येणारा माणूस वाटत होता, आणि तेच त्याला सहन होईना.

त्याने पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं. बिट्टी शेजारी खुर्ची ओढून बसली. नवा बूटलोडर जागेवर गेला. मग आजवर कधीच उघडली नव्हती ती सेटिंगची फाइल त्याने उघडली आणि ओळ लिहायला घेतली. अर्ध्यावर बिट्टीने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, ती नको ना लिहू."

"तुला माहितीये ही ओळ?"

"मागच्या वेळी तू गेल्यावर शोधली. सोपी आहे की. पेन ड्राइव्हने सुरू करायचंही कळलं." ती मान वर करत नव्हती. "काल आईला सांगता आलं असतं मला. पण मग तू आला नसतास."

तिला रागवावं, तर कोणत्या तोंडाने? आपलाच कावेबाजपणा या पोरीने उचलला आणि आईचं रडणं रात्रभर गिळून बसली. तिचा हात त्याने आपल्या डाव्या हातात घट्ट धरला आणि उरलेली अक्षरं उजव्या हाताने एकेक करून दाबली.

यंत्र सुरू झालं. आवाज ऐकून बायको बाहेर आली. "झालं?"

"झालं. आता पुन्हा नाही होणार."

बिट्टी रडायलाच लागली. "अगं वेडे, मिळेल दुसरं पुस्तक," म्हणत आईने तिला जवळ घेतलं. बिट्टी काहीतरी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात तो घाईने बोलला.

"पुस्तक माझ्यामुळे गेलं. हे कायमचं नीट करायचा उपाय मला पहिल्यापासून माहीत होता. यायला मिळावं म्हणून केला नाही."

ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आवाज चढला नाही तिचा.

"निदान या एका कामाचा तरी भरवसा होता मला," ती म्हणाली.