अठरा तासांची वाट

अमनने अब्बांचा जबडा मिटवून कापडाची पट्टी डोक्यावर बांधली, हात पुसले आणि फोन उघडला. केपटाऊन ते मुंबई. सव्वाआठ हजार किलोमीटर. सरळ विमान नाही. अदिस अबाबाला उतरून दुसरं धरायचं. सगळं मिळून अठरा तास.

“आज दुपारचं विमान मिळालं तरी हादिया उद्याच पोचेल, अम्मी. थांबायचं का?”

हव्वाबी नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. वहाबभाई पहाटे झोपेतच गेले. पनवेलच्या बाजारात उभा जन्म त्यांनी करंजाच्या कोळ्यांना जाळी आणि दोर विकले. लेक लग्न होऊन इतक्या लांब गेल्यापासून रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर दुकानातून तिला फोन लावायचे. तिच्याकडे जायचं मात्र राहूनच गेलं. विमानाच्या नावानेच त्यांना घाम फुटायचा.

“नको,” हव्वाबी म्हणाल्या. “मय्यत ताटकळत ठेवायची नाही. दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन करा.”

“मग तिला काय सांगू?”

त्यांनी फोन आपल्याकडे घेतला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी हादियाने लगेच उचलला.

“अब्बांना बरं नाही गं. दवाखान्यात ठेवलंय. येऊन जा.”

“बोलतायत?”

“झोपलेत.” हव्वाबींनी वहाबभाईंच्या अंगावरच्या चादरीची सुरकुती सरळ केली.

फोन ठेवल्यावर अमन म्हणाला, “खोटं कशाला, अम्मी?”

“एकटी येणार ती. वाटेत रडली तर पाठीवरून हात फिरवायला कोण आहे? घरी पोचेपर्यंत तिचा बाप असू दे.”

दुपारी जनाजा गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. बायका रडत होत्या. हव्वाबींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. संध्याकाळी हादियाचा मेसेज आला: विमानात बसतेय.

दुसऱ्या दिवशी अमन तिला आणायला गेला. हव्वाबी सकाळपासून एकच वाक्य मनात जुळवत होत्या. हादिया आत आली, तिने बॅग भिंतीशी टेकवली आणि आईला घट्ट धरलं.

“बेटा, ऐक…”

“ठाऊक आहे, अम्मी.”

“अमनने सांगितलं?”

“नाही. चाचांच्या परवेझने काल स्टेटस ठेवला होता. मी तिकडे विमानतळावर रांगेत होते. दफन झाल्याचंही होतं त्यात.”

हव्वाबींनी तिला दूर धरून पाहिलं. “तिकडेच कळलं होतं? मग माघारी फिरायचं ना. एवढ्या लांब कशाला आलीस?”

 हादिया स्वयंपाकघरात गेली. शेजारून आलेले डबे ओट्यावर न उघडता पडले होते. ताट वाढून ती आईसमोर जमिनीवर बसली.

“कधी जेवलीस?”

हव्वाबींना आठवेना. हादियाने घास कालवून पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं, आणि कालपासून अडून राहिलेला हुंदका बाहेर आला.