सासऱ्याचं नाव

"फाटक कोणी उघडं टाकलं?"

माझी सून सैकाल दुधाचं भांडं हातात घेऊन नुसती उभी. "कळप जात होता ना, आई. आपली दोन मेंढरं त्यात सोडली. आजोबा ओट्यावरच बसले होते."

"बसले होते. आता बसलेत का?"

ओटा रिकामा. चहाच्या वाडग्यातून अजून वाफ येत होती.

मे महिन्यात आमच्या गावातून कळप वरच्या कुरणांकडे निघतात, आणि मेंढरांचा आवाज कानावर आला की माझ्या सासऱ्यांचे पाय ठरत नाहीत. सकाळी जेवले की नाही ते त्यांना आठवत नाही. लहानपणी मेंढरं राखली ते आठवतं. आमच्याकडे म्हातारी माणसं धाकट्या मुलाकडे राहतात, म्हणजे धाकट्याच्या बायकोकडे. कौतुक मात्र नवऱ्याचं होतं, आणि तो असतो कुरणावर. राजधानीत, बिश्केकला राहणारी थोरली जाऊ फोनवरून काळजी करते. फोनवरून कुणाला धुवावं-पुसावं लागत नाही. माझा मात्र नान भाजतानाही एक कान फाटकाकडे असतो, आणि झोपेतही एक पाय अंथरुणाबाहेर.

पुलावर शेजारीण भेटली. "बुरुल, तुझा सासरा खाली नदीत उतरलाय. मला वाटलं, पाय धुतोय."

"तुला वाटत राहू दे," म्हटलं आणि उतरणीला लागले. मागून सैकाल, सातवा महिना सांभाळत. थांब म्हटलं तर थांबेना.

आमची नदी सकाळी घोट्याएवढी असते. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि बघता बघता पाणी चढतं. आता दुपार व्हायला आली होती. सासरे मधल्या वाळूच्या पट्ट्यावर उभे होते, आमच्याकडे पाठ करून. अलीकडे उथळ पाणी. पलीकडे मोठी धार, आत दगड गडगडत होते. धारेच्या पल्याड कुणाची तरी मेंढरं चरत होती. सासरे काठी टेकत त्यांच्याकडे निघाले होते.

"आजोबा, मागं फिरा!" सैकाल ओरडली.

"बाबा! अहो बाबा!" मी.

फिरले नाहीत. बहिरे म्हणावं तर पल्याड एक मेंढी ओरडली तशी मान वळवली. बाबा म्हणजे कोण, आजोबा म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आई, नावानं हाक मारायची का?"

मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं ओठ मिटले. दवाखान्यात नर्सपुढं हिनं एकदा त्यांचं अर्धं नाव उच्चारलं होतं, तेव्हा मी दंडाला चिमटा काढला होता. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, नातसूनही नाही. मला नर्सनं विचारलं की मी सांगते, बाहेर कुणी पुरुषमाणूस असेल त्याला विचार. आमच्या बोलीत कोकराला जो शब्द, तोच सासऱ्यांच्या नावात आहे, म्हणून मी कोकरालासुद्धा आजवर 'बारकं' म्हणत आले. सारं गाव हसलं. हसू दे. बुरुलनं मर्यादा सोडली असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

सासऱ्यांनी एक पाय धारेत टाकला. काठी पाण्यानं ओढली आणि गेली. मी पोचेपर्यंत ते गेले असते.

"ए कोझुबेक!"

माझाच आवाज. आणि हाक त्यांच्या आईनं मारावी तशी. एकदा तोंड उघडलंच होतं.

"ए कोझू, पुरे झालं आता! चल घरी. नान गार होतोय."

ते वळले. सगळा चेहरा हलका झाला होता.

"आलो गं आई. मेंढरं पलीकडे गेली. मारू नकोस."

"नाही मारत. ये तू."

ते माझ्याकडे चालू लागले. मी चढत्या पाण्यात मांडीपर्यंत गेले आणि त्यांचा कमरपट्टा दोन्ही हातांनी धरला. काठावर येईपर्यंत सोडला नाही.

वाटेत सैकाल खाली बघून म्हणाली, "आई, मला काही ऐकू आलं नाही. पाण्याचा आवाज केवढा होता."

"मग बोलतेस कशाला? चाल."

त्या दिवसापासून ते 'बाबा' म्हटलं की मागं वळून बघतात, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलंय असं. वाडगा पुढ्यात ठेवला तरी हात मांडीवर. पहिला दिवस मी हट्टानं काढला. बाबा, बाबा म्हणून घसा बसला. ते उपाशी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा कुरणावरून आला आणि अंगणात लाकडं फोडायला बसला. मी सैकालला गोठ्यात पिटाळलं. रस्सा ढवळला. सासऱ्यांच्या कानाशी वाकून हळूच नाव घेतलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग जरा मोठ्यानं घेतलं.

अंगणातली कुऱ्हाड थांबली.

मी दाराकडे बघितलं नाही. चमचा पुढं केला.

"आलो गं आई," म्हणत सासऱ्यांनी तोंड उघडलं.

दुसरा चमचा झाला, तिसरा झाला. मग बाहेर लाकूड फुटल्याचा आवाज आला.